उघड्या टपाच्या मियाटात तानपुरा ऐकू येईल का? (दोन सीटच्या गाडीची साउंड सिस्टीम)

खर्ज

नमस्कार मंडळी. गाड्यांच्या विभागात टायर, मायलेज, सर्व्हिसिंग यांवर भरपूर धागे आहेत. आवाजावर एकही सापडला नाही, म्हणून हा काढतोय.

माझ्याकडे १९९७ ची माझदा एमएक्स-५ आहे. अमेरिकेत हिला मियाटा म्हणतात. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये जी पहिल्यांदा दाखवली, ती वर उघडणाऱ्या दिव्यांची पहिली पिढी, आणि १९९७ हे तिचं शेवटचं वर्ष. दोन सीट, कापडी टप, १.८ लिटरचं इंजिन. मी कॅलिफोर्नियात फ्रेमाँटला राहतो. शनिवारी पहाटे पूल ओलांडून हाफ मून बेला उतरायचं आणि समुद्राकाठच्या हायवे वनने पॅसिफिका गावापर्यंत जायचं, हा माझा नेम आहे.

गाडीत मी ऐकतो ते बाबांनी टिपलेल्या घरगुती बैठका. सत्तर-ऐंशीच्या दशकात आमच्या आणि शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात झालेलं गाणं. बाबा टेपरेकॉर्डर घेऊन पहिल्या रांगेत बसायचे. त्या कॅसेट मी संगणकावर उतरवून घेतल्यात.

टप बंद असताना ठीकठाक ऐकू येतं. टप खाली करून गाडी ६५ मैलांवर (साधारण १०५ किमी) गेली की पहिल्यांदा तानपुरा जातो, मग डग्गा. आलाप तर वाऱ्यात पूर्ण विरतो. उरतो तो हार्मोनियमचा टोकदार भाग आणि तार सप्तकातली तान. आवाज वाढवला की फाटतो.

सध्याची अवस्था अशी: हेड युनिट (डॅशबोर्डमधला मुख्य म्युझिक प्लेयर) तीन वर्षांपूर्वीचं, खोक्यावर ‘५० वॅट × ४’ लिहिलेलं. दारात साडेसहा इंची मूळ स्पीकर, कागदी शंकूचे, कडा झिजलेल्या. सीटच्या डोक्याच्या भागात दोन्हीकडे दोन-दोन छोटे स्पीकर, तेही मूळचे. एका दुकानात दाखवलं तर त्यांनी डिकीत दहा इंची सबवूफर (फक्त खालचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर) आणि हजार वॅटचा अँप्लिफायर सुचवला. मन मानत नाही. गाडी हलकी आहे हेच तिचं सुख आहे. आठशे डॉलरच्या आत, दहा किलोच्या आत, पत्रा न कापता काय करता येईल?

गिअरपाच

डिकीतला सब अजिबात नको. माझी दुसऱ्या पिढीची आहे, २००१ ची, आणि मी हा पैसा घालवून बसलोय. या गाडीत डिकी आणि बसायची जागा यांच्यामध्ये पत्र्याची भिंत आहे. सेडानसारखा मागच्या सीटमधून आवाज आत येत नाही. डिकीचं झाकण थरथरतं, मागच्या गाडीवाल्याला ढमढम ऐकू येतं आणि आपल्याला काहीच नाही. वर अठरा किलो ओझं मागच्या चाकांच्याही मागे. वळणावर फरक जाणवला. महिन्याभरात काढून टाकला.

तपकीरगल्ली

पुण्यात गाड्यांच्या साउंडचं काम करतो, वीस वर्षं होऊन गेली. खर्ज, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या ‘५० वॅट × ४’ मध्येच आहे.

गाडी चालू असताना विजेचा दाब असतो साधारण १४.४ व्होल्ट, स्पीकर असतो ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग भागिले ४ केलं की ५२ येतात. खोक्यावरचे पन्नास वॅट येतात ते इथून. पण हे तेव्हाच मिळतात, जेव्हा आवाजाची लाट वरून-खालून कापून चौकोनी झालेली असते, म्हणजे आवाज पूर्ण फाटलेला असतो. लाट गोल राहिली तर हिशेबाने जास्तीत जास्त २६ वॅट, आणि आतल्या गळतीनंतर प्रत्यक्षात हाती येतात पंधरा ते वीस. तुम्ही आवाज वाढवता तेव्हा वाऱ्यावर मात करायला हवी असलेली ताकद त्या युनिटमध्ये नसतेच. ते लाट कापतं. फाटतो म्हणता तो हाच.

म्हणून पहिला खर्च छोट्या चार चॅनेलच्या क्लास डी (वीज कमी वाया घालवणाऱ्या) अँप्लिफायरवर करा. प्रत्येक चॅनेलला खरे, म्हणजे आरएमएस, ७५ वॅट पुरेत. अठराचे पंच्याहत्तर झाले तर सहा डेसिबलच्या वर मिळतात. ऐकायला दुप्पट वाटत नाही, त्याला दहा डेसिबल लागतात. पण न फाटता मिळालेले सहा डेसिबल फार मोलाचे. असा अँप्लिफायर हातात मावतो, वजन दीड-दोन किलो.

तुमच्या गाडीत आणखी एक सोय आहे, बॅटरी डिकीत आहे. अँप तिथेच बसवा. मुख्य तार दीड मीटरसुद्धा लागणार नाही आणि ती आत प्रवाशांजवळून न्यावीच लागणार नाही. आठ गेजची तार, चाळीस अँपिअरचा फ्यूज, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. तार शुद्ध तांब्याची घ्या. वर तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम अशी तार सर्रास विकली जाते. आमच्याकडे बुधवार पेठेत तार आधी हातात तोलून बघतात, मग एक तंतू सुरीने खरवडतात. आत पांढरं दिसलं की परत.

नादबिंदू

टप उघडल्यावर खर्जाचे स्वर का जातात, याला वाऱ्याच्या गोंगाटाशिवाय दुसरंही कारण आहे.

बंद गाडीत कमी कंपनांचे स्वर फुकटात मोठे होतात. लाटेची अर्धी लांबी गाडीच्या आतल्या लांबीपेक्षा मोठी झाली की ती लाट आत फिरत नाही, आतल्या हवेवर नुसता दाब टाकते, आणि तो दाब खालच्या स्वरांकडे वाढत जातो. आतली लांबी दोन मीटर धरा, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. म्हणजे साधारण ८६ हर्ट्झच्या खाली ही मदत सुरू होते. छोट्या गाडीत ती लवकर सुरू होते, म्हणूनच तुमचा टप बंद असताना साधे स्पीकरही भरदार वाटतात. टप उघडला की दाब धरून ठेवायला भिंतच उरत नाही.

आणि वाऱ्याचा गोंगाट मुख्यतः खालच्या कंपनांतच असतो. एकीकडे मदत गेली, दुसरीकडे त्याच पट्ट्यात शत्रू आला. अशा वेळी सबवूफर मोठा करत जाणं म्हणजे अंगणात हीटर लावण्यासारखं आहे. स्रोत कानाजवळ आणा. अंतर निम्मं केलं की उघड्यावर सहा डेसिबल मिळतात, एकही वॅट न वाढवता.

मृद्गंध

खर्च करायच्या आधी एक करून पाहा. टप खाली असला तरी दोन्ही काचा वर ठेवा आणि सीटच्या मागे वारा अडवणारी जाळी लावा. मी बाजूच्या सीटवर बसणारी आहे, गाडी नवऱ्याची. जाळी लावल्यापासून आम्हाला एकमेकांशी बोलता येतं. वारा मागून उलटा फिरून मानेवर आणि कानांत येतो, तो थांबतो.

खर्ज

सर्वांचे मनापासून आभार. मृद्गंध, तुमचं लगेच करून पाहिलं. फोनवरच्या मापकाने ६५ मैलांवर, काचा खाली, टप खाली असताना ८८ डेसिबलच्या आसपास दाखवत होतं. काचा वर आणि साधी पारदर्शक पाटी मागे लावल्यावर ८३-८४. फोनचं माप काटेकोर नसेल, पण दोन्ही वेळा फोन तोच, रस्ता तोच. तानपुरा अजून नाही, पण तबल्याचा ठेका नीट कळायला लागला.

नादबिंदू, कानाजवळ म्हणजे सीटमधले छोटे स्पीकर बदलायचे का? आणि दारांचं काय?

तपकीरगल्ली

दोन्ही, पण आधी दारं.

दार हा स्पीकरचा डबा आहे हे बहुतेक जण विसरतात. स्पीकरचा शंकू पुढे जातो तेव्हा मागे तेवढीच उलटी लाट तयार होते. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भगदाडं असतात, त्यांतून ती मागची लाट पुढे येते आणि पुढचीला खाऊन टाकते. सगळ्यात जास्त खर्जाला. तीस हजारांचे स्पीकर उघड्या दारात लावून ‘बेस नाही’ म्हणत येणारी माणसं मी दर महिन्याला बघतो.

दाराचं आतलं पॅनेल काढा. आत चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद असेल, तो जपून सोडवा. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइलचे (थरथर शोषणाऱ्या रबराचे) पट्टे लावा. सगळा पत्रा मढवायची गरज नाही, पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी थरथर मरते. बोटाने टकटक करून पाहा: ‘टण्ण’ ऐवजी ‘टप्प’ वाजलं की झालं. मग आतल्या पत्र्यावरची भगदाडं पातळ, कडक पत्रीने बंद करा, स्क्रूने, म्हणजे पुढे काच दुरुस्तीला उघडता येईल. दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात ती मात्र कधीही बुजवू नका. काचेवरून पाणी दारात उतरतंच, तळ बुजला की पत्रा गंजतो.

स्पीकर घेताना शंकू पॉलिप्रॉपिलीनचा घ्या, कागदी नको, ही टप उघडणारी गाडी आहे. मागे लागणारी रिंग लाकडी भुशाच्या बोर्डाची नको, तो ओल धरून फुगतो. प्लॅस्टिकची मिळते. आणि स्क्रू आवळायच्या आधी काच पूर्ण खाली करून चुंबकाला लागत नाही ना ते बघा.

गिअरपाच

दारांच्या कामाला अनुमोदन. खर्जासाठी माझा उपाय वेगळा आहे. सीटच्या सांगाड्याला शेकर लावा. बशीएवढा, किलोभराचा. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं त्याला द्यायचं. तो हवा हलवत नाही, सीट हलवतो, त्यामुळे वारा किती का असेना, पाठीला ठेका कळतो. मी दोन वर्षं वापरतोय.

तपकीरगल्ली

गिअरपाच, पाश्चात्त्य ड्रमला चालेल. डग्ग्याला नाही. डग्ग्यावर मनगट दाबून सरकवलं की स्वर खालून वर चढतो, तो घुमारा पाठीला कळत नाही. पाठीला फक्त ‘काहीतरी वाजलं’ एवढंच कळतं. खर्ज यांना बैठक ऐकायचीय, त्यांनी पैसे दारांतच घालावेत.

गिअरपाच

मान्य नाही. दोन्ही एकत्र असलं तर पाठ वजन सांगते आणि कान स्वर सांगतो. पण मी ख्याल ऐकणारा नाही, तेव्हा इथे थांबतो.

थेम्सकाठ

मी रेडिंगला (इंग्लंड) असतो, माझी चौथी पिढी, बोसचे नऊ स्पीकर कंपनीतूनच आलेले. यात हेडरेस्टमध्ये स्पीकर आहेत, आणि गोंगाट मायक्रोफोनने ऐकून आवाज आपोआप जुळवून घेणारी सोय आहे. एवढं असूनही मोटरवेवर खालचे स्वर कमी पडतात. त्यामुळे खर्ज, पूर्ण बंद गाडीसारखं ऐकू येईल ही आशा ठेवू नका.

नव्या पिढीवाल्यांसाठी दोन गोष्टी. यात हेड युनिट पडद्याशी आणि गाडीच्या बाकी यंत्रणेशी जोडलेलं आहे, ते काढून दुसरं बसवणं व्यवहार्य नाही. स्पीकरच्या तारांवरून सिग्नल घेणारा डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारा छोटा डबा) मध्ये टाकावा लागतो. दुसरं म्हणजे या सीटच्या बाजूला एअरबॅग आहे. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला बॅटरी जोडलेली असताना हात लावू नका. बॅटरी काढून, थोडा वेळ थांबून मगच काय ते.

कानसेन

मी श्रवणतज्ज्ञ आहे, म्हणून जरा वेगळा मुद्दा. गोंगाट ८८ असेल आणि त्याच्यावर गाणं ऐकायचं म्हटलं तर गाणं नव्वदच्या पुढे जाणार. अमेरिकेतल्या नायॉश संस्थेची मर्यादा आहे ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. खर्ज यांची शनिवारची फेरी दीड-दोन तासांची दिसते. काचा वर करून जे चार-पाच डेसिबल कमी झाले, ते कानांच्या दृष्टीने या धाग्यातलं सर्वांत मोठं काम आहे. तानपुऱ्याची जवारी (तारांचा झंकार) वरच्या कंपनांत असते आणि आवाजाने कान बिघडायला सुरुवातही वरच्याच पट्ट्यात होते. जे ऐकायचं, तेच आधी जाईल.

दुसरं, दिवाणखान्यातल्या बैठकीत आलाप आणि द्रुत तान यांच्यात आवाजाचा फरक प्रचंड असतो. शांत खोलीत तेच सौंदर्य. गाडीत आलाप वाऱ्याखाली आणि तान कानठळ्या. मूळ फाइलींना हात लावू नका, पण गाडीसाठी वेगळी प्रत करा आणि संगणकावर तिची पातळी हलकेच दाबून घ्या, मऊ भाग थोडा वर, मोठा भाग थोडा खाली. यात पैसे लागत नाहीत.

मांडवीतीर

पणजीहून. विषयाला थोडं धरून. माझ्या मित्राकडे जुनी सॅन स्टॉर्म होती, आपल्या देशातली दोन सीटची, रेनोचं ११४९ सीसी इंजिन आणि फायबरची बॉडी. तिच्यात अँप बसवला तेव्हा अर्थची (अर्थिंगची) तार जवळच्या बोल्टला लावली आणि काहीच चालेना. बोल्ट फायबरमध्ये होता! तार लांब नेऊन खालच्या लोखंडी चासीला जोडावी लागली. फायबर बॉडीच्या गाडीत (कॉर्व्हेटही त्यातलीच) अर्थ आधी शोधा, मग अँपची जागा ठरवा. खारी हवा असेल तर त्या जोडावर ग्रीस लावा. आमच्याकडे वर्षभरात हिरवं पडतं.

खर्ज

मधले सहा आठवडे काम चाललं होतं. जे झालं ते सांगतो.

दारांना दोन शनिवार लागले. पहिलं दार सहा तास, दुसरं अडीच. ब्युटाइल आणि पत्र्या मिळून दोन्ही दारांत साडेतीन किलो. जुने स्पीकर काढले तर एकाचा शंकू कडेपासून अर्धा सुटलेला होता. म्हणजे इतके महिने मी एकाच दारातून ऐकत होतो.

अँप डिकीत बॅटरीशेजारी. एक गोष्ट इथे कुणी लिहिली नव्हती म्हणून लिहितो: या गाडीची बॅटरी डिकीत असल्यामुळे तिला वायू बाहेर सोडणाऱ्या नळ्या असतात. आधीच्या मालकाने साधी बॅटरी बसवून नळ्या लोंबत ठेवल्या होत्या. बंद डिकीत तो वायू साठणं आणि शेजारी विजेचं काम, हे मला धोक्याचं वाटलं. योग्य बॅटरी आणून नळ्या जोडल्या. त्यात बजेट ओलांडलं, पण त्याची खंत नाही.

मग सगळं जोडल्यावर किरकिर सुरू झाली. इंजिनचे फेरे वाढले की सूं करत स्वर चढायचा. दोन रात्री गेल्या. अँपकडे सिग्नल नेणारी आरसीए केबल बदलून पाहिली, काही नाही. मांडवीतीर यांची पोस्ट आठवली आणि अर्थ तपासला. बोल्ट लोखंडातच होता, पण खाली रंगाचा थर होता. पॉलिश पेपरने पांढरा पत्रा निघेपर्यंत घासलं, पुन्हा आवळलं, आवाज बंद.

सीटमधले चारही छोटे स्पीकर बदलले. जुन्यांचा रोध मीटरवर आधी मोजला हे बरं झालं. दोन्ही सीटचे डावे एका चॅनेलवर, दोन्ही उजवे दुसऱ्या. नवे ४ ओहमचे घेतले असते तर समांतर जोडून चॅनेलला दोनच ओहम दिसले असते. म्हणून ८ चे शोधले.

काल पहाटे हाफ मून बेच्या पुढे समुद्र उजाडत होता. टप खाली, काचा वर, ५५ मैल. कानसेन यांनी सांगितल्याप्रमाणे पातळी दाबलेली प्रत लावली होती. १९८१ ची बैठक, आमच्याच घरची. आलापाच्या मागे तानपुरा होता. दोन स्वरांच्या मध्ये बाबांचं ‘वा’ आलं, हळू, टेपरेकॉर्डरच्या अगदी जवळून. ते घरी हेडफोनवर मी कितीदा ऐकलंय. गाडीत पहिल्यांदा ऐकलं. गाडी बाजूला घेतली आणि पाच मिनिटं तिथेच थांबलो.

६५ मैलांवर तानपुरा अजूनही जातो. डग्गा राहतो.

मृद्गंध

वाचून फार बरं वाटलं. बाबांचा आवाज मिळाला, आणखी काय हवं.

नादबिंदू

छान काम. सेटिंग्ज लिहाल का? विशेषतः सीटमधले स्पीकर किती ठेवले? ते जास्त झाले की गायक मानेमागे बसल्यासारखा वाटतो.

खर्ज

तसंच झालं होतं सुरुवातीला. आता दारांना ६५ हर्ट्झच्या खालचं काही जात नाही, सीटना २५० च्या खालचं नाही. सीटचे स्पीकर दारांपेक्षा पाच डेसिबल कमी आणि सहा मिलिसेकंद उशिरा. पुढचा आवाज आधी पोचला की कान दिशा पुढचीच धरतो, मागचा फक्त भर घालतो. डाव्या-उजव्या दारांच्या अंतराचा फरक ४५ सेंटिमीटर भरला, म्हणजे जवळच्या दाराला १.३ मिलिसेकंद उशीर. हे मी एकटा असतानाचं. बायको बरोबर असली की ते काढतो, नाहीतर तिच्या बाजूला सगळंच कलतं. दोन्ही सेटिंग्ज वेगवेगळ्या बटणांवर ठेवली आहेत.

एक सावधगिरी. कॅलिफोर्नियात गाडीपासून ५० फुटांवर गाणं ऐकू आलं तर दंड आहे. उघड्या गाडीत ते सहज होतं. त्यामुळे गावात शिरताना आवाज खाली. सिग्नलला वारा नसतो, तिथे तानपुरा तसाही छान ऐकू येतो.

तपकीरगल्ली

खर्ज, महिन्याभराने दारांच्या रिंगचे स्क्रू आणि तो अर्थचा बोल्ट परत एकदा आवळा. नवीन काम कंपनांनी थोडं सैल पडतं. आणि पहिल्या पावसानंतर दाराच्या तळाची भोकं बघा, पाणी वाहतंय ना.